सुकऱ्याची अंघोळ

सुकऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे पाड्यावरच्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. सकाळी त्याच्या चुलीवर काय शिजलं ते दुपारी मोखाड्यात कळायचं, आणि मोखाड्यात काय घडलं ते दिवेलागणीला तोच पाड्यावर घेऊन यायचा. त्याची बायको हिरी म्हणायची, "देवानं ह्याला तोंड दिलं, झाकण द्यायचं राहून गेलं."

अशा माणसाला त्याच्या मुलीने गुरुवारी सकाळी एक गोष्ट सांगितली, आणि कोणाला सांगायची नाही असं वर बजावलं.

मुलगी प्रमिला. नाशिकला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, ती उलथता उलथता ती म्हणाली, "बा, ह्या रविवारी मी बाप्तिस्मा घेते. पास्टरना फोन केलाय. आपल्याच डोहात."

सुकऱ्या बाजेचा सुंभ आवळत होता. सुंभ हातातून सुटला, बाज एका अंगाने खाली बसली आणि तिच्यावरची मांजर पळाली. तो तसाच उठला आणि फाटकाकडे निघाला.

"कठं चाललास?" प्रमिलाने विचारलं.

"कठं नाय. जरा जिवाच्या घराकडं."

"म्हणूनच सांगते, बस खाली. मी पाण्यातून बाहेर येईपर्यंत कोणाला सांगायचं नाय. सांगितलंस तर मी सोमवारची नाशिकची गाडी शनिवारीच पकडीन."

सुकऱ्या खाली बसला. बसण्यावाचून इलाज नव्हता, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

ह्या आधी दोनदा असं झालं होतं. पहिल्या वेळी पोरगी दहावीला होती. सुकऱ्याने स्वतःच ठरवलं, स्वतःच पाड्यावर घरोघर सांगितलं, कोंबडे कापले, आणि डोहाच्या काठावर उभी राहून प्रमिला म्हणाली, "आज नको, बा." दुसऱ्या वेळी त्याने पार जव्हारच्या पाहुण्यांना बोलावलं. पाहुणे आले, जेवले, पान खाऊन गेले. प्रमिला तेवढी पाण्यात उतरली नाही. "माझ्या मनाला अजून वाटत नाय," ती म्हणाली. "देवाशी खोटं बोलत पाण्यात उतरू का?" ह्यावर पास्टर देवानंद यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. ज्याचं त्याने मागायचं असतं." सुकऱ्याला वाटलं, पास्टर कोणाचे आहेत, आपले की पोरीचे?

त्यानंतर पाड्याने त्याला वर्षभर सोडलं नाही. कोणाकडे लग्न निघालं की जिवा विचारायचा, "सुकऱ्या, नवरी नक्की उभी राहणार ना? नाय तर तुझ्यासारखं व्हायचं, वऱ्हाड जेवलं आणि नवरी घरी."

तसा सुकऱ्याही जन्मापासून ख्रिस्ती नव्हता. हिरी ख्रिस्ती घरातली. तिच्याशी लग्न करायचं म्हणून हाही तरुणपणी त्याच डोहात उतरला होता. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा. उतरलो बायकोसाठी, पण बाहेर आलो देवासाठी." हे तो खरंच म्हणायचा. पोरीच्या बाबतीत मात्र त्याला भीती होती. नाशिकला गेली, शिकली, उद्या नोकरी लागेल. बापाचा देव तिला बापाच्या लंगोटीसारखा जुना वाटला तर?

आणि आता ती आपल्या तोंडाने म्हणाली होती.

गुरुवारचा दिवस सुकऱ्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. कोणी समोरून आलं की तो वाट बदलायचा. शेवटी गोठ्यात जाऊन त्याने ती गोष्ट बैलाच्या कानात सांगितली. मागे वळून पाहतो तर दारात प्रमिला.

"बैलाला सांगितलंस तेवढं पुरे," ती म्हणाली. "गाईला नको."

शुक्रवारी सकाळी ढवळूकाका आला. ढवळू म्हणजे पाड्याचा जाणता माणूस. वाघदेवाला नारळ कधी फोडायचा, पेरणीला हात कधी घालायचा, हे तो सांगणार आणि पाडा ऐकणार. देव कोणाचा कुठलाही असो, डोहाच्या बाबतीत शब्द ढवळूचा.

"सुकऱ्या, उद्या डोह उपसायचा," तो म्हणाला.

 उन्हाळ्यात नदी आटते, खडकांच्या मधोमध तेवढा एक डोह उरतो. नदीभरचे मासे तिथे गोळा होतात. मग एक दिवस ठरवून सगळा पाडा डोह उपसतो आणि मासे वाटून घेतो. उपसल्यावर तिथे बेडकालाही बुडी मारता येत नाही, मग माणसाला कुठली? आणि पास्टर देवानंदांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे, वरून चार थेंब शिंपडून भागत नाही.

"उद्या? उद्या कशाला?" सुकऱ्या म्हणाला. "रविवारी उपसू की."

"रविवारी तुमची प्रार्थना. तुम्ही कसे येणार काठावर? तुमच्यासाठीच तर शनिवार धरलाय मी."

 माणूस चांगुलपणाने अडवायला लागला की सुटायला वाट राहत नाही. खरं कारण सुकऱ्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. त्याने गच्च तोंड मिटलं. ढवळूने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"दात दुखतो का?"

सुकऱ्याने मान हलवली. तीही हो म्हणून की नाही म्हणून, ते ढवळूला कळलं नाही.

प्रमिला तेव्हा विहिरीवर होती. ती आल्यावर तिला सांगावं, असं सुकऱ्याच्या मनात आलं. पण तो बिचकला. पोरगी म्हणाली, 'मग राहू दे, पावसाळ्यानंतर बघू,' तर? तिसऱ्यांदा तो शब्द ऐकायची त्याच्यात ताकद नव्हती. हिरीला प्रमिलाने स्वतःच सांगितलेलं होतं, म्हणून त्याने तिला मागच्या दारी बोलावलं आणि आपली युक्ती सांगितली.

डोहाचा एक नेम होता. प्रत्येक घरातलं निदान एक माणूस काठावर उभं राहिल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. मासे सगळ्यांच्या देखत पळसाच्या पानांवर ओतायचे, जितकी घरं तितके वाटे पाडायचे. एकट्या म्हातारीला जेवढा वाटा, तेवढाच दहा माणसांच्या घराला. आजवर हा नेम कोणी मोडला नव्हता.

"आपल्या घरचं कोणीच काठावर गेलं नाय, तर डोह कसा उपसतील?" सुकऱ्या म्हणाला. "प्रमिला उद्या जव्हारला जाणारच हाय, कपडे आणायला. तू साखरशेतला बहिणीकडं जा. मी मोखाड्याला जातो. दिवस मावळला की येतो."

हिरी पदर तोंडाला लावून हसली. "मी जाते. बहिणीला नाचणीचं बी द्यायचंच हाय. पण तू नीट जा हो मोखाड्याला. वाटेत कोणाला गोष्ट सांगत बसू नको."

शनिवारी सकाळी प्रमिला जव्हारच्या गाडीत बसली, हिरी बी घेऊन साखरशेतच्या वाटेला लागली, आणि सुकऱ्या आडवाटेने फाट्यावर आला. फाट्यावर जगनची जीप उभी होती.

"सुटते ना?" सुकऱ्याने विचारलं.

"सुटतेच. बस," जगन म्हणाला.

सुकऱ्या पुढच्या सीटवर बसला. जीप सुटली नाही. ह्या बाजूला जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. मागे माणसं दाटीवाटीने बसली, पायरीवर दोघं लोंबकळले, आणि चालकाला स्वतःच्या सीटवर अर्धीच जागा उरली, की मग ती सुटते. आणि त्या दिवशी फाट्यावर माणूस म्हणून दिसत नव्हता.

ऊन वर आलं. जगनने दोनदा हॉर्न वाजवला. "आज पाड्याला झालंय काय? रोज माणसं मावत नाय, आज एक डोकं नाय."

सुकऱ्याला माहीत होतं पाड्याला काय झालंय. सगळा पाडा टोपल्या आणि जाळी घेऊन डोहाच्या काठावर बसला होता आणि सुकऱ्याची वाट पाहत होता. आणि सुकऱ्या जीपमध्ये बसून त्या पाड्याची वाट पाहत होता. उतरून चालू लागावं हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण जीप आता सुटेल, मग सुटेल असं वाटत असताना उतरून चालणारा माणूस जव्हार-मोखाड्यात अजून जन्मायचा आहे.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर खालून नदीकडचा गलका ऐकू आला. जगनने कान टवकारले.

"अरे! सगळी नदीवर हायेत वाटतं. चल, तिथनंच भरून आणू गाडी."

"नको नको," सुकऱ्या ओरडला. "मी थांबतो इथं. मला घाई नाय."

"तुला नसंल, मला हाय," म्हणत जगनने गाडी बैलगाडीच्या वाटेला घातली. उतार होता. सुकऱ्या दाराशी झटला, पण जगनच्या जीपचं ते दार आतून उघडत नसे. धुळीचा लोट उडवत जीप खडकाळीतून आली आणि नेमकी डोहाच्या काठावर थांबली. पुढच्या काचेमागे सुकऱ्या, देव्हाऱ्यात मूर्ती बसावी तसा.

"आला रं सुकऱ्या!" पाड्याने एकच आरोळी ठोकली. "आणि आला तो पण गाडी करून!"

"पाटलासारखा आला!" जिवा म्हणाला. तो इंजिन पंपाशी दोरी धरून तयारच होता. पाईपचं एक तोंड पाण्यात सोडलेलं होतं. "ढवळूकाका, झाली ना सगळी घरं? ओढू दोरी?"

ढवळूने मान वर केली. सुकऱ्याला जगनने बाहेरून दार उघडून खाली उतरवलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर तो डोह होता, हिरवागार, कमरेइतका, अगदी हवा तेवढा. आता बोललो तर पोरीला दिलेला शब्द जातो. नाही बोललो तर पाणी जातं. सुकऱ्याचं डोकं चालेना, पाय तेवढे चालले. तो टोपीसकट, सदऱ्यासकट डोहात शिरला आणि मधोमध जाऊन गळ्याइतक्या पाण्यात खाली बसला.



"काय करतोस रं?" ढवळूने विचारलं.

"अंघोळ," सुकऱ्या म्हणाला.

"कपडे घालून?"

"ते पण मळलेत."

लोक हसले. जिवाने दोरी खाली ठेवली. माणूस पाण्यात असताना पंप कसा लावणार? बिडी ओढून होईल तेवढा वेळ सगळे थांबले. सुकऱ्या बसलेलाच. कधी कान चोळी, कधी मान चोळी, पुन्हा कान.

"किती मळ हाय तुझ्या अंगावर?" जिवा ओरडला. "नांगर आणू का?"

"आरं, मासे त्याच्या वासानं मरतील," एक म्हातारी म्हणाली. "मग जाळं कशाला?"

 पाण्याखाली माशांनी त्याच्या टाचा कुरतडायला घेतल्या होत्या. गुदगुल्या होऊन तो मधूनच खिंकाळायचा आणि पुन्हा तोंड मिटायचा. सूर्य डोक्यावर आला. जगन प्रवासी मिळायची आशा सोडून काठावर बसला आणि त्याने म्हातारीची तंबाखू मागून घेतली. असा तमाशा टाकून मोखाड्याला कोण जाणार?

मग हळूहळू लोकांचं हसू कमी झालं. ढवळू उठला, काठाशी आला आणि उकिडवा बसला.

"सुकऱ्या, तू बोलत नायस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू पोर होतास तेव्हापासून बघतो मी तुला. बाप मेला तेव्हा पण तू बोलत होतास. काय झालंय? कोणी आजारी हाय का?"

सुकऱ्याला वाटलं, सांगून टाकावं. ढवळू चांगला माणूस. ऐकलं तर पंप स्वतः उचलून घरी नेईल. त्याने तोंड उघडलं. मग नाक धरलं आणि सरळ पाण्याखाली बुडी मारली.

वर आला तेव्हा काठावर प्रमिला उभी होती. जव्हारहून आलेली, हातात कपड्यांची पिशवी. तिने पंप पाहिला, टोपल्या पाहिल्या, आणि डोहाच्या मधोमध म्हशीसारखा बसलेला आपला बाप पाहिला.

"बा, काय करतोस?"

"काय नाय. अंघोळ."

"सांगितलंस का कोणाला?"

"नाय!" सुकऱ्या छाती काढून म्हणाला; छाती पाण्यात होती म्हणून दिसली नाही एवढंच. "विचार ह्यांना. एक शब्द नाय! ढवळूकाकानं गोड बोलून विचारलं, तरी नाय!"

प्रमिला हसायला लागली. पिशवी खाली ठेवून, पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ओढणीने तोंड पुसून ती पाड्याकडे वळली. सुकऱ्याला वाटलं, आता म्हणेल, राहू दे.

"ढवळूआजा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "डोह उद्या उपसा. उद्या सकाळी मला ह्यात बाप्तिस्मा घ्यायचाय."

पाड्यावरचे सगळे चेहरे एकमेकांकडे वळले.

"ह्या वेळी नक्की का?" जिवाने विचारलं. राहवतंय कुठे त्याला! "मागं दोनदा आम्ही जेवून गेलोय."

"मागं दोनदा बा म्हणत होता, जिवाकाका. ह्या वेळी मी म्हणते."

सुकऱ्या पाण्यात तसाच बसून राहिला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, पोरगी पाण्यात उतरलेली पाहायची आहे आपल्याला. आत्ता कळलं, हे ऐकायचं होतं. चार लोकांत, तिच्या तोंडून, कोणी न ढकलता. त्याचं तोंड ओलं होतंच, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

ढवळूने डोकं खाजवलं. डोहाच्या नेमात पुढे ढकलायची सोय नव्हती. ढवळूचा शब्द मागे घ्यायची तर नव्हतीच. मग तो उभा राहिला.

"नेम काय हाय? प्रत्येक घराचं माणूस काठावर पाहिजे. ह्याच्या घराचं माणूस कठं हाय? पाण्यात हाय. काठावर हाय का?"

"मी हाय की, आजा, काठावर," प्रमिला म्हणाली. पोरगी खरं बोलायची हौस सोडेल तर शपथ.

"तू अजून घरी पोचली नायस," ढवळू खेकसला. "वाटेवरच्या माणसाला आम्ही धरत नाय. आज डोह उपसता येत नाय. उद्या सकाळी. तुमच्या पास्टरना सांग, प्रार्थना आखूड करा. मासे म्हातारे होतात."

रविवारी सकाळी डोहाच्या काठावर जेवढी माणसं जमली तेवढी कुठल्या बाप्तिस्म्याला जमली नसतील. ख्रिस्ती घरं गाणं म्हणत आली, बाकीची घरं टोपल्या घेऊन आली. हिरी साखरशेतहून बहिणीला घेऊनच आली होती. जिवा पंपाची दोरी हाताला गुंडाळून बसला होता. पास्टर देवानंद कमरेइतक्या पाण्यात उभे राहून प्रार्थना करू लागले. आजवर इतके कान त्यांना मिळाले नव्हते, त्यामुळे प्रार्थना काही आखूड होईना. त्यांनी शेतासाठी मागितलं, पावसासाठी मागितलं, सरकारसाठी मागितलं. ढवळू मोठ्याने खाकरला. तरी ते चालूच. शेवटी पाण्याखालून एका शिंगटी माशाने त्यांच्या पोटरीला हिसका दिला, आणि पास्टर टुणकन उडून "आमेन" म्हणाले.

मग त्यांनी प्रमिलाला विचारलं, "ख्रिस्तावर तुझा विश्वास आहे का?"

"आहे," ती म्हणाली. काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं ते.

त्यांनी तिला मागे कलवलं. पांढरा सदरा फुगला, पाणी तिच्या तोंडावर मिटलं. तेवढा क्षण सुकऱ्याचा श्वास थांबला. पोरगी जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, 'थांब, रडू दे तिला आधी,' आणि तो दाराबाहेर असाच उभा होता. मग पाणी फुटलं आणि प्रमिला वर आली, केसांतून पाणी निथळत, धापा टाकत, हसत. हिरीने सुकऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. त्याला दुखलं नाही.

"झालं ना?" ढवळूने विचारलं.

"झालं!" पास्टर म्हणाले.

"ओढ रं जिवा!"

पंप धडधडला, पोरंसोरं टोपल्या घेऊन चिखलात घुसली. मुरे, खवल्या, हाताएवढ्या वामी असे मासे उसळत होते. प्रमिला ओल्या कपड्यांनीच त्यात शिरली होती. सुकऱ्या तिच्याजवळ गेला.

"आता सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, बा. पोटभर सांग."

सुकऱ्या मोठा श्वास घेऊन वळला. समोर जिवा होता. "जिवा, तुला ठाऊक हाय का, माझ्या प्रमिलानं..."

"बघितलं ना मी. बाजूला हो, तुझ्या पायाखाली वाम हाय."

ढवळूकडे गेला. ढवळू म्हणाला, "मला सांगतोस? मीच तर डोह राखला." म्हातारीकडे गेला, म्हातारीने प्रार्थना कुठे लांबली, शिंगटी कुठे चावली, सगळं त्यालाच ऐकवलं. सगळा पाडा इथेच होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. एवढी मोठी गोष्ट, तीन दिवस पोटात धरलेली, आणि ज्याला सांगावी असा एक माणूस राहिला नव्हता.

आपला माशांचा वाटा हिरीवर सोपवून सुकऱ्या ओल्या पायांनी चढ चढून डांबरी रस्त्यावर आला. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा. तो मैलाच्या दगडावर बसला. थोड्या वेळाने जव्हारकडून एक पांढरी मोटार आली आणि त्याच्यासमोर थांबली. आत शहरातलं कुटुंब. चालवणाऱ्याने काच खाली केली.

"काका, शिरपामाळला कसं जायचं? आम्ही चुकलो बहुतेक."

सुकऱ्या उठला. त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की मागच्या सीटवरची बाईही हसली. शिरपामाळ केव्हाच मागे राहिलं होतं. पण ह्या माणसांना काहीच माहीत नव्हतं. काहीच.

"शिरपामाळ ना? जाल हो, सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने कोपर आरामात खिडकीवर टेकवलं. "पयलं मला सांगा, तुम्हाला मुलगी हाय का?"